सोमवार ते सोमवार: सुगंधाची ॲलर्जी पाठीवर वाचताना

पॅच टेस्टच्या, म्हणजे संशयित द्रव्यं पट्टीने पाठीवर लावून ॲलर्जी शोधण्याच्या, खोलीत आलेला माणूस आधी शर्टाची बाही वर सारतो. रक्त काढणार किंवा सुई टोचणार अशी त्याची समजूत असते. इथे सुई नाही. इथे पाठ लागते, आणि तीही आठवडाभर. सोमवारी पट्ट्या लावायच्या, बुधवारी काढून पहिलं वाचन, शुक्रवारी दुसरं, आणि पुढच्या सोमवारी शेवटचं. हा कार्यक्रम ऐकून निम्मे लोक विचारतात, की रक्ताच्या तपासणीत हे कळत नाही का? नाही कळत. सुगंधी द्रव्यांचं इसब आयजीईच्या, म्हणजे रक्तात मोजता येणाऱ्या प्रतिपिंडांच्या, वाटेने येत नाही. ती टी-पेशींची, उशिरा उठणारी ॲलर्जी आहे. द्रव्य लागल्यावर एक-दोन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, खाज सुटते. म्हणून "अत्तर लावलं तेव्हा तर काहीच झालं नाही" या वाक्यावर आम्ही फारसा भरवसा ठेवत नाही. आणि नाकाचा इथे काही संबंध नाही. अगरबत्तीने शिंका येतात, परफ्यूमने डोकं दुखतं, त्याचं उत्तर पाठीवर उमटत नाही.

तारीख ठरवतानाच निम्मी टेस्ट जिंकली किंवा हरली जाते. मुंबईत, कोकणात एप्रिल-मे महिन्यात पट्टी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, घामाने सुटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा. पाठीवर आधीच पुरळ असेल तर टेस्ट करायची नाही. इसब अंगभर पेटलेलं असेल तर आधी ते शांत करायचं. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी रोज २० मिलिग्रॅमच्या वर चालू असेल तर पुढे ढकलतो. कमी असेल तर करतो, पण कागदावर तसं लिहून ठेवतो, कारण बारीक प्रतिक्रिया त्यात दबून जाते. स्टेरॉइडचं दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन घेतलं असेल तर महिनाभर थांबतो. सिट्रिझिनसारखी खाजेची गोळी मात्र बंद करायला लावत नाही. गर्भवतींची टेस्ट बाळंतपणानंतर. त्यात धोका सिद्ध झालाय म्हणून नव्हे, घाई नसते म्हणून.

खरी अडचण मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबची. खाज म्हटलं की काउंटरवरून स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असलेलं मलम मिळतं, आणि लोक ते नायटा समजून महिनोन्‌महिने चोळतात. ते पाठीवर लावलं असेल तर किमान एक आठवडा बंद. त्यातलं निओमायसिन हे प्रतिजैविक स्वतःच ॲलर्जी करणारं आहे, त्यामुळे ही ट्यूबही पिशवीत घालून आणा म्हणून बजावतो.

पिशवीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. आम्ही सांगतो, घरातलं अंगाला लागणारं सगळं आणा, वेष्टणासकट. लोक साबण, शाम्पू आणि क्रीम आणतात आणि थांबतात. जे येत नाही तेच बहुतेक वेळा हवं असतं. देवघरातलं आणत नाहीत: कुंकू, अष्टगंध, बुक्का. "औषध" म्हणून वापरतात ते आणत नाहीत: बाम, निलगिरीचं तेल, वेदनाशामक मलम. दुसऱ्याचं आणत नाहीत. बायकोच्या एका गालावर आणि मानेवर इसब, आणि आफ्टरशेव्ह नवऱ्याचं, ही जोडी कोणाच्या लक्षातच येत नाही. आणि जे वीस वर्षं वापरतात ते तर हमखास राहून जातं, "त्याने काय होणार?" म्हणून. ॲलर्जी अशीच जडते. आधी कितीतरी वर्षं काही होत नाही, आणि एकदा शरीराने ते द्रव्य ओळखलं की पुढे प्रत्येक वेळी उठतं.

आता प्रत्यक्ष सोमवार. पट्टीवर ८ मिलिमीटर व्यासाचे ॲल्युमिनियमचे चपटे कप असतात, पाच-पाचच्या दोन ओळीत दहा. व्हॅसलीनमध्ये मिसळलेलं ॲलर्जेन, म्हणजे ॲलर्जी करणारं द्रव्य, सिरिंजमधून प्रत्येक कपात साधारण २० मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं. पातळ द्रावण असेल तर कपात गाळणकागदाची चकती ठेवून तिच्यावर १५ मायक्रोलिटर. नवशिक्याचा हात इथे सैल सुटतो. जास्त भरलं तर पट्टी दाबल्यावर ते कडेने बाहेर येतं, शेजारच्या कपात शिरतं, आणि शुक्रवारी दोन खूणा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. कमी भरलं तर खरी ॲलर्जी निसटते. आणखी एक गोष्ट: सुगंधी द्रव्यं उडून जाणारी असतात. सिरिंज फ्रिजमध्ये, आणि कप भरायचे ते रोगी समोर बसल्यावर. आदल्या संध्याकाळी पट्ट्या भरून ठेवण्याची सोय धातूंसाठी एक वेळ चालेल, सुगंधासाठी नाही.

सुगंधासाठी नेमकं काय लावतो? फ्रॅग्रन्स मिक्स १ मध्ये आठ द्रव्यं, प्रत्येकी १ टक्का: सिनॅमाल, सिनॅमिल अल्कोहोल, युजेनॉल, आयसोयुजेनॉल, जिरॅनिऑल, हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल, अमाइल सिनॅमाल आणि ओकमॉस. दालचिनी आणि लवंग यात बसलेली आहेत, हे मराठी स्वयंपाकघरातून आलेल्या माणसाला सांगितलं की तो चमकतो. मिक्स २ मध्ये सहा द्रव्यं, मिळून १४ टक्के: लायरल, सिट्राल, फार्नेसॉल, कुमारिन, सिट्रोनेलॉल, हेक्झिल सिनॅमाल. शिवाय पेरूचा बाल्सम २५ टक्के. नाव पेरू देशाचं असलं तरी तो एल साल्वाडोरमधल्या झाडाचा डिंक आहे, आणि आपल्या पेरूच्या फळाशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही. हा खुलासा दर वेळी करावा लागतो. भारतीय प्रमाणित मालिकेत, म्हणजे सगळ्यांना लावायच्या ठरलेल्या द्रव्यांच्या संचात, मिक्स १ आणि बाल्सम असतात, मिक्स २ आम्ही वेगळं जोडतो. लिनालूल आणि लिमोनीन या सुगंधी द्रव्यांची हायड्रोपेरॉक्साइडं, म्हणजे हवेने बदललेली रूपं, तीही जोडतो. ताजं लिनालूल फारसा त्रास देत नाही; हवा लागून ते ऑक्सिडाइज झालं की दात दाखवतं. न्हाणीघराच्या फळीवर अर्धी संपलेली, झाकण नीट न लागणारी तेलाची बाटली ही त्या दृष्टीने नव्या बाटलीपेक्षा वाईट.

मिक्स १ मध्ये द्रव्यं एकजीव राहावीत म्हणून सॉर्बिटान सेस्क्विओलिएट घातलेलं असतं. काहींना त्याचीच ॲलर्जी असते. ते वेगळ्या कपात लावलं नाही तर विनाकारण जन्मभर सुगंधाचं पथ्य माथी मारलं जातं.

पिशवीतल्या वस्तूंचे नियम वेगळे. अंगावर राहणारं, म्हणजे क्रीम, कुंकू, अष्टगंध, तेल, जसं आहे तसं लावता येतं. परफ्यूमचा थेंब कागदाच्या चकतीवर टाकून अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत थांबायचं, नाहीतर बंद कपात ते भाजतं आणि ती जळजळ ॲलर्जी म्हणून लिहिली जाते. धुऊन टाकायच्या वस्तू, म्हणजे शाम्पू, फेसवॉश, पाण्यात पातळ करून. साधारण १ टक्का, आणि तरीही निकालाकडे संशयाने पाहायचं. उटण्यात अडचण भरडीची असते: नागरमोथा, वाळा, संत्र्याची साल यांचे खरखरीत कण बंद पट्टीखाली दोन दिवस टोचत राहतात. ते वस्त्रगाळ करून व्हॅसलीनमध्ये मिसळावं लागतं. कच्ची लसूण, फिनेल, ॲसिड, केसांचा डाय जसाच्या तसा: हे कधीच पाठीवर लावायचं नाही. लसणीने खरोखर भाजतं, फोड येतो.

पट्टी खालून वर लावत जायची, हवा बाहेर ढकलत, आणि प्रत्येक कपावर अंगठा दाबून. मणक्याची पन्हळ सोडायची, खांद्याच्या फऱ्याची हलणारी जागा सोडायची. पाठीवर केस दाट असतील तर एक-दोन दिवस आधी ट्रिमरने कापलेले असावेत. वस्तऱ्याने नको, त्याच्या बारीक कापांवर सगळंच लाल होतं. कोपऱ्यांना शाईच्या खुणा, आणि कोणत्या कपात काय याचा नकाशा कागदावर. मग अर्धा तास बाहेर बसवतो. सिनॅमाल आणि बाल्सम यांनी काहींच्या पाठीवर लगेच गांधी उठते आणि तासाभरात बसते. ती या ॲलर्जीत मोजत नाहीत, पण नोंदवायची असते.

घरी जाताना सूचना थोड्या: पाठ ओली करायची नाही, अंघोळ कमरेखाली तांब्याने आणि बाकी ओल्या पंचाने. घाम येईल असं काम नको. जुना, गडद रंगाचा कपडा, कारण शाई लागते. खाज आली तर ती अपेक्षितच आहे. आग होऊन सहन होईना तर ती पट्टी काढायची आणि किती वाजता काढली ते लिहून ठेवायचं. पट्टी सुटली तर सेलोटेप लावून दामटायची नाही. आम्हाला फोटो पाठवायचा. पाठ आठवडाभर कोरडी ठेवायची म्हटल्यावर नाराजी होते, आणि ती रास्तच आहे.

बुधवारी ४८ तास झाले की पट्ट्या निघतात. काढल्या काढल्या वाचायला बसू नये. चिकटपट्टीनेच सगळी पाठ लालसर झालेली असते. अर्धा तास जाऊ द्यायचा. तोवर एकच पाहायचं: प्रत्येक कपाची गोल वर्तुळाकार खाच कातडीवर उमटली आहे का. जिथे खाच नाही तिथे कप टेकलाच नव्हता, आणि तिथला "निगेटिव्ह" हा निगेटिव्ह नव्हे.

वाचनाबद्दल पुस्तकं गोऱ्या कातडीवर लिहिली गेली आहेत. लाली पाहा, म्हणतात. आपल्याकडच्या सावळ्या पाठीवर लाली हा कच्चा साक्षीदार आहे. कधी ती जांभळट, कधी नुसती गडद, कधी दिसतच नाही. त्यामुळे हातमोजा काढून बोटाचं टोक खुणेवरून हळू फिरवायचं, डोळे मिटले तरी चालतील. ॲलर्जी असेल तर कातडी भरीव लागते, आत बारीक डाळ ठेवल्यासारखी. मग दिवा वरून न धरता बाजूने तिरपा धरायचा. उंचवट्याची सावली पडते आणि दाणे दिसू लागतात. भरीव आणि लालसर असेल तर एक अधिक (+), दाणे-पुटकुळ्या असतील तर दोन अधिक, फोड एकमेकांत मिसळले तर तीन. नुसती गडद, सपाट खूण शंकास्पद. कपाच्या कडेइतकीच काटेकोर, चकचकीत, सुरकुतलेली खूण दिसली तर ती बहुधा नुसती जळजळ. आणि दोघींची चाल वेगळी: जळजळ बुधवारी जोरात असते आणि शुक्रवारी ओसरते, ॲलर्जी बुधवारी कुजबुजते आणि शुक्रवारी बोलते.

म्हणूनच बुधवारीच "काही नाही निघालं" म्हणून माणसाला घरी पाठवणं ही सगळ्यात महागडी चूक. शुक्रवारचं वाचन टाळता येत नाही. शेवटचा सोमवार विशेषतः निओमायसिन, स्टेरॉइड आणि काही धातूंसाठी, आणि वयस्करांसाठी. त्यांच्या कातडीला उठायला वेळ लागतो. लोक तिसऱ्या वाचनाला येत नाहीत. गावाहून एसटीने येणाऱ्याला चार चकरा परवडत नाहीत हेही खरं. पण दोनच वाचनं जमणार असतील तर ती बुधवार-शुक्रवार असावीत.

दहा-बारा खुणा एकदम उठल्या तर खूश होऊ नये. एखादी प्रतिक्रिया फार जोरात असली की शेजारची कातडीही चिडते आणि खोट्या खुणा उमटतात. अशा चिडलेल्या पाठीवरचा निकाल जाहीर करायचा नाही. दोन-तीन महिन्यांनी संशयितांना एकेक करून पुन्हा लावायचं.

पाठीवरची खूण एकसारखी असली तरी तिचा अर्थ माणसागणिक बदलतो. मिक्स १ ला एक अधिक. समोर कोण बसलंय?

कॅटरिंगमध्ये काम करणारी बाई असेल तर आधी तिचे हात बघतो. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, फक्त टोकांना भेगा: ही लसूण सोलण्याची सही आहे, कारण पाकळी डाव्या हातात धरतात. तिथे दोषी लसणीतलं डायअलिल डायसल्फाइड, ते १ टक्का वेगळं लावून बघतो. मसाला चोळणाऱ्या, मिठाई करणाऱ्या हातांना मात्र सिनॅमाल आणि युजेनॉल खरोखर लागू पडतात.

पार्लरमधल्या मुलीच्या बाबतीत सुगंध बहुधा दुय्यम. केसांच्या डायमधलं पीपीडी (पॅरा-फिनिलीनडायअमिन) हे रसायन आधी. तिला हातमोजे वापर सांगून भागत नाही. लॅटेक्सच्या पातळ मोज्यातून डाय आत जातो, नायट्राइल लागतात, आणि तेही एका गिऱ्हाइकाला एक जोडी. मसाज करणाऱ्यांचं उलट: त्यांच्या हाताला दिवसभर सुगंधी तेल असतं आणि तिथे लिनालूल, लिमोनीन हेच मुख्य आरोपी.

काखेचं इसब घेऊन आलेल्या तरुणाची काख नीट पाहिली की अर्धं काम होतं. खोलगट मधोमध पुरळ म्हणजे डिओडरंट. मधला भाग स्वच्छ आणि कडेने पुरळ म्हणजे कपडा किंवा त्याचा रंग.

साठीच्या शेतकऱ्याच्या पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या जाड झाल्या असतील तर मिक्स १ पॉझिटिव्ह आलं तरी घाईने अगरबत्तीवर बोट ठेवत नाही. पार्थेनियमचा कप आधी बघतो. पुण्यात १९५०च्या दशकात पहिल्यांदा नजरेत भरलेलं हे गाजर गवत, लोकांच्या तोंडी काँग्रेस गवत, हवेतून उडून नेमकं असंच इसब देतं. दोन्ही एकत्र असणं मुळीच दुर्मीळ नाही.

पायावर व्हेरिकोजची (फुगलेल्या शिरांमुळे होणारी) जुनी जखम असलेले आजी-आजोबा हा सगळ्यात गुंतागुंतीचा गट. फाटक्या कातडीवर वर्षानुवर्षं एकामागून एक मलमं लागलेली. त्यांना निओमायसिन, लोकरीचं मेण, बाल्सम, सुगंध अशा तीन-चार गोष्टी एकदम निघतात. जखमेभोवतीची लाली जंतुसंसर्ग समजून आणखी एक मलम लावलं जातं, आणि चक्र फिरत राहतं. इथे सल्ला एकच: साधं व्हॅसलीन आणि पट्टी, बाकी सगळं कपाटात.

लहान मुलांची पाठच छोटी, म्हणून निवड करावी लागते. मोठ्यांची अख्खी मालिका लावत बसत नाही, इतिहासावरून दहा-पंधरा. ज्या मुलाला मुळातच ॲटॉपिक (लहानपणापासूनचं, घराण्यात चालत येणारं) इसब आहे त्याच्या पाठीवर मिक्स १ ची पुसट खूण बहुधा जळजळच असते. मसाजचं सुगंधी तेल आणि पावडर बंद करायला सांगतो, घाण्याच्या साध्या खोबरेल तेलाला सहसा हरकत नसते. ओल्या वाइप्सने पुरळ आलं तर सुगंधाइतकाच संशय त्यातल्या मेथिलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकावर घ्यावा.

आणि कपाळ. हळद आणि चुन्याचं कुंकू आता थोड्या घरात. बाजारातल्या कुंकवात रंग, तेल, सुगंध असं बरंच काही असतं. त्याचं इसब खाजेनेच सुरू होईल असं नाही. पुष्कळदा कपाळावर फक्त राखाडी-तपकिरी छाया पसरते आणि बाईला वाटतं वांग आले. अशा रंग साठणाऱ्या प्रकारात पाठीवरची खूण अगदी पुसट असते. शंकास्पद म्हणून सोडून देऊ नये, पुन्हा लावावी. टिकलीचं वेगळं: तिच्या डिंकातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉलमुळे टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो, कधी खाज न येताही. वारकऱ्याच्या कपाळावरच्या गंध-बुक्क्याला मात्र कुंकवाचाच न्याय. कोणाला "कुंकू बंद" म्हणून सांगून चालत नाही, ते कोणी ऐकत नाही. बंद करायचं ते नेमकं हे कुंकू. पर्याय पाठीवर तपासून द्यायचा.

निकाल हातात दिल्यावरचा अर्धा तास टेस्टइतकाच महत्त्वाचा. युरोपात २००५ पासून २६ सुगंधी द्रव्यांची नावं वेष्टणावर छापावी लागतात, अंगावर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्क्याच्या वर असतील तर. २०२३च्या नियमाने ती यादी ऐंशीच्या पुढे गेली. लायरलवर तिथे बंदीच आली. जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये असलेल्या मुलाकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांना तिथलं लेबल वाचणं म्हणून सोपं पडतं. आपल्या बाजारात बहुतेक बाटल्यांवर नुसतं "परफ्यूम" किंवा "फ्रॅग्रन्स" असतं. ज्याला मिक्स पॉझिटिव्ह आहे त्याने तो शब्द दिसताच बाटली खाली ठेवावी. "अनसेंटेड" शब्दावर विसंबू नये: मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो. "नैसर्गिक", "आयुर्वेदिक" हे शब्द तर या बाबतीत काहीच सांगत नाहीत. लवंगेतलं युजेनॉल कारखान्यातल्या युजेनॉलपेक्षा वेगळं नसतं. बाल्सम पॉझिटिव्ह आलेल्याला टोमॅटो, संत्री, मसाले सरसकट बंद करायला सांगणं मात्र आम्हाला पटत नाही. बाहेरचं सगळं बदलून सहा-आठ आठवडे झाले आणि तरीही इसब उठतंच आहे, तेव्हा कुठे जेवणाकडे वळायचं, तेही थोड्या दिवसांसाठी.

आठवडा-दोन आठवड्यांनंतर एखादी खूण अचानक उठली तर फोन करायचा, हेही बजावून ठेवतो. उशिराची प्रतिक्रिया असेल, किंवा क्वचित टेस्टनेच नवी ॲलर्जी जडलेली असेल. खुणांच्या जागी काळे डाग काही महिने राहतात. हे आधी सांगितलं तर माणूस समजून घेतो, नंतर सांगितलं तर भांडतो.

उरलेल्या बाटल्यांची परीक्षा घरी. ज्या क्रीमबद्दल शंका आहे ते कोपराच्या आतल्या बाजूला ५ बाय ५ सेंटिमीटर जागेत, सकाळ-संध्याकाळ, रोज त्याच ठिकाणी, न धुता. चौथ्या-पाचव्या दिवशी काही नाही म्हणून थांबायचं नाही, सुगंधाला चौदा दिवस द्यावे लागतात. दाणे आले की त्याच दिवशी बंद. पंधराव्या दिवशीही घडी स्वच्छ असेल तर ती बाटली परत फळीवर ठेवायची, झाकण घट्ट लावून.